कळंबच्या गुळव्याची बोटं

बारामतीला उतरल्यावर सगळ्यात आधी भेटला तो वास. माणसं नंतर भेटली. गूळ करपता करपता वाचावा तसा गोड, जड वास, आणि त्यात कुठेतरी पाचट पेटवल्याचा धूर. मी मुग्धाला म्हटलं, "अगं, नुसता हा वास घेऊन माझी साखर वाढायची." ती हसली, पण रिक्षावाला हसला नाही. मागे वळून म्हणाला, "मावशी, तुमाला पन शुगर हाय व्हय? आमच्या घरात तिघास्नी हाय." मुक्कामाचं घर येईपर्यंत त्याने आम्हाला आईची, चुलत्याची आणि बायकोची शुगर सांगितली. मुग्धा म्हणाली, "बघ मावशी, माझ्या रेकॉर्डिंगच्या मशीनचं बटण दाबायच्या आधीच सुरुवात झाली."

मुग्धा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्यात शिकते. तिचं काम ऐकाल तर तुम्हालाही माझ्यासारखं नवल वाटेल. शुगर झालेल्या माणसांकडे जायचं आणि त्यांना बोलू द्यायचं. रक्त तपासायचं नाही, गोळ्या द्यायच्या नाहीत, उपदेश तर मुळीच नाही. 'हा आजार घेऊन तुम्ही कसे जगता' एवढंच विचारायचं आणि ऐकत बसायचं. मग ते सगळं बोलणं घरी लिहून काढायचं आणि त्यातून माणसांच्या मनात काय चाललंय ते शोधायचं. मी म्हटलं, ऐकून घ्यायलाही कॉलेज लागतं का? पण लागतं, हे मला पुढे पटलं.

आधी ती एकटीच येऊन गेली होती. तेव्हा लोकांनी तिला चहा पाजला, "बरं चाललंय, गोळी घेतो" असं सांगितलं आणि फाटकापर्यंत सोडायला आले. तेव्हा तिला माझी आठवण झाली. मला साखरेने गाठून पुष्कळ वर्षं झाली. गुहागरकडे माझी खानावळ होती, आता सून बघते. शाळा मी चौथीत सोडली, वाचायला-लिहायला पुढे माझी मीच शिकले, आणि बोलण्याची मला कधीच टंचाई पडली नाही. "तू नुसती बसायचंस, मावशी," मुग्धा म्हणाली. "मध्येमध्ये बोलायचं नाही. आणि जे कानावर पडेल ते तिथेच सोडून यायचं."

प्रत्येक घरी ती आधी हेच सांगायची: "तुम्ही जे सांगाल ते आमच्यापाशीच राहील." म्हणून इथे मी नावं बदलली आहेत, आणि विचारल्याशिवाय कुणाचं काही लिहिलेलं नाही.

बारामती

पहिलं घर बागायतदाराचं. दारात ट्रॅक्टर, ओट्यावर कुंड्या, आणि आमच्या स्वागताला माझ्याच वयाच्या एक काकी. आम्ही टेकतोय न टेकतोय तोच चहा आला. एक घोट घेतला आणि माझे दात शिवशिवले. आमच्याकडे कोकणात पाहुण्याला गूळपाणी देतात. गुळाचा खडा नको असला तर गुपचूप बशीत ठेवता येतो. इथल्या चहाला तशी पळवाट नाही.

"काकी, मला शुगर आहे हो," मी म्हटलं.

"मग मला काय न्हाय व्हय? प्या की. पाव्हनीला फिका च्या दिला तर सासूबाई फोटोतनं खाली उतरत्याल."

"तुम्ही स्वतः कसा पिता?"

त्यांनी आत सुनेकडे नजर टाकली आणि आवाज खाली घेतला. "घरात फिका. भायेर गेलं की गोड. लग्नात, बारशाला, देत्याल तसा पिते. फिका मागितला की लगीच चार बायका गोळा व्हत्यात. कवापास्नं हाय, किती हाय, गोळी का इंजेक्शन? त्यापरीस कपभर साखर परवडली."

आतून मुलगा ओरडला, "आमी कारखान्याचं सभासद, मावशी. साखर नको म्हनलं तर कारखान्याला वाईट वाटंल!"

हसलो सगळे. पण मुग्धाने माझ्याकडे असं पाहिलं की तिला आज काहीतरी सापडलंय हे मला समजलं. माणसं गोडाच्या मोहाने गोड पीत नव्हती, लपायला पीत होती. मी मात्र माझा अर्धा चहा जास्वंदीच्या कुंडीत ओतला. माझ्यामागे बारामतीत एखादी जास्वंद गोड झाली असेल.

सोमेश्वरनगर

कारखान्याच्या रस्त्याला लागलो तर पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी लावलेली, प्रत्येकाचं वेगळं. सकाळची गोळी मी घेऊन बसले होते आणि जेवण त्या ट्रॉल्यांच्या पलीकडे कुठेतरी होतं.

दोन्ही बाजूंना ऊस, त्यावर पांढरे तुरे. बघता बघता ते तुरे डोलायला लागले. मला वाटलं वारा सुटला. मग वाटलं आपण होडीत आहोत, हा ऊस नसून खाडी आहे आणि पलतीरावर आई उभी आहे. इतकं छान वाटत होतं म्हणून सांगू! मुग्धाने माझा हात धरला तर तो घामाने थबथबलेला. साखर उतरली होती.

रस्त्याच्या कडेलाच तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या होत्या. एक बाई कमरेला ओचा खोचून कोयता धुवत होती. मुग्धा काय ओरडली मला माहीत नाही. पण त्या बाईने उसाचं एक कांडं कोयत्याने चार घावांत सोलून माझ्या तोंडात जवळजवळ कोंबलं. "चोखा. बोलू नका. चोखा."

मी चोखत राहिले. हळूहळू खाडी मागे सरली, आई पुसट झाली, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, मग कारखान्याचा भोंगा, आणि शेवटी त्या बाईचा चेहरा.

"कमी झाल्यावर साखरच खायाची व्हय?" तिने विचारलं.

"हो बाई."

"मग आमची सगळ्यांचीच लई कमी झाली असंल," असं म्हणून ती खो खो हसली आणि तिने स्वतःलाही एक कांडं सोललं. आम्ही दोघी पाचटावर बसून ऊस खात होतो. ज्या साखरेला मी इतकी वर्षं शिव्या देत आले तिनेच मला त्या दिवशी परत आणून सोडलं.

वरकुटे

इंदापूरच्या बाजूला आमचा मुक्काम वरकुट्याला, मुग्धाच्या मैत्रिणीच्या माहेरी. या घराची पूर्वी मेंढरं होती. आता ऊस आहे, डाळिंब आहे आणि मुलाची जीप आहे. घरातले आबा पंच्याहत्तरी ओलांडलेले, पटका अजून बांधतात. रात्री हुलग्याचं माडगं मिळालं. आमच्या कुळिथाच्या पिठीचं हे देशावरचं भावंड, पण अंगाने दांडगं. वर बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा. पांघरायला घोंगडी. ती इतकी टोचते की झोप येणार नाही असं वाटतं आणि मग अशी येते की सकाळ कधी झाली ते कळत नाही.

आबांना मुग्धाने विचारलं, शुगर झाली हे कळल्यावर काय वाटलं?

"काय वाटायचं? ती माज्या अंगात एकदम न्हाय आली, पोरी. कालव्याचं पानी आलं, मंग ऊस आला, मंग फटफटी आली, तिच्या मागनं ही आली. मेंढरं हुती तवा दिसभर पाय चालायचं. आता पाय सोप्यात नि बूड गाडीवर."

मग त्यांनीच सांगितलं, "तुमी कळंबच्या वाटंला जावा. तितं गुऱ्हाळावर एक गुळव्या हाय, त्याला बी शुगर हाय. पन मानूस बघन्यासारका. उकळता पाक बोटानं काढतो. आच लागत न्हाय त्याला. लांबलांबनं लोक बघाय येत्यात."

कळंब

गुऱ्हाळ दिसायच्या आधी वाफ दिसली. सकाळचं धुकं अजून उसात अडकलेलं, त्याच्यावर ही वाफ, आणि दोन्हींच्या मधून ऊन तिरपं आलेलं. माणसं त्यातून यायची आणि त्यातच विरघळायची. मध्ये खोली-दीडखोलीएवढी लोखंडी काहील, खाली चुलवण, त्यात चिपाडं कोंबणारा एक माणूस. काहिलीत रस पिवळा होत होता, तांबूस होत होता, फुगत होता, आणि त्यावर डोळे लावून उभे होते ते तात्या, आबांनी सांगितलेले गुळवे. उंच, वाळके, अनवाणी.

मी चपला घालून पुढे गेले तशी एका बाईने मला अडवलं. "चपला तितं सोडा, मावशी. लक्ष्मी हाय ही." ही तात्यांची बायको, गोदाबाई. ढेपांच्या साच्यांना ती फडकी लावत होती. चपला काढल्या आणि मी चिमणीसारखी नाचायला लागले. चुलवणाजवळची जमीन तव्यासारखी तापलेली. सगळे अनवाणीच होते, पण एका पायावरून दुसऱ्या पायावर करत होते. तात्या तेवढे खांबासारखे एका जागी.

"बघा आमचं हे," गोदाबाई म्हणाली. तिच्या आवाजात काय कौतुक होतं! "पायाला न्हाय, बोटाला न्हाय. कुठंच आच लागत न्हाय. आता गोळी बघत्याल, थांबा."

पाक झाला की नाही ते बघायची इथली रीत अशी. गुळव्या बोटं थंड पाण्यात बुडवतो, त्याच ओल्या बोटांनी उकळत्या काहिलीतला पाक चटकन उचलतो, पुन्हा पाण्यात नेतो आणि त्याची गोळी वळतो. गोळी किती मऊ, किती कडक, त्यावर ठरतं काहील आत्ता उतरवायची की अजून थोडी थांबायची. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपला, घाई झाली तर ढेप बसत नाही. इतर गुळव्यांचा हात पाण्यातून पाकात नि पाकातून पाण्यात मासोळीसारखा जातो. तात्यांचा हात सावकाश गेला. ते पाकात बोटं ठेवून जणू विचार करत होते. दोन पाहुणे मोबाईलवर चित्रण करत होते. त्यांनी "वा!" म्हटलं. तात्यांनी गोळी वळली, वाफेकडे पाहिलं, बुडबुड्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "उतरवा."

दुपारी चिपाडाच्या ढिगाआड, सावलीत बसलो. मुग्धाने नेहमीचं वाक्य सांगितलं, मशीन चालू केलं. तात्या आधी इतरांसारखंच बोलले. गोळी घेतो, आठवण झाली तर. गूळ चाखावा लागतो, धंदाच तो. मग ते मशीनकडे बघत राहिले. मागे चरक कुरकुरत होता, त्या आवाजाने माझे डोळे मिटायला लागले होते.

"ते बंद करा," ते म्हणाले.

मुग्धाने मशीन बंद केलं.

"आच लागत न्हाय म्हंत्यात. आदी लागायची की. माजा वस्ताद म्हनायचा, वरसानुवरसं भाजून घेतलं की अग्नी वळख देतो. मंग भाजत न्हाय. दोन हंगामाखाली मला भाजायचं कमी झालं. मला वाटलं, दिली वळख. लई आनंद झाला. गोदानं शिरनी वाटली." ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते. टोकं पांढरट, फाटलेली. "पन आता गोळी बी कळत न्हाय. मऊ हाय का कडक हाय, बोटाला काय सांगताच येत न्हाय. वासावर आन् बुडबुड्यावर चालवतोय. परवा एक आधन, आक्खी काहील, कच्चं उतरलं. ढेपा पाझरल्या. मालक म्हनला, ऊस कवळा असंल. मी बी म्हनलं, व्हय, कवळा हुता."

"तात्या, हे शुगरमुळं होतं," मी म्हटलंच. मुग्धाने मला चिमटा काढला नाही.

"म्हाईत हाय," ते हळू म्हणाले. "मनाला म्हाईत हाय."

बसल्या बसल्या त्यांनी पाय लांब केला आणि तळवा दिसला. नागवेलीच्या पानाएवढी भाजलेली जखम. कडा काळपट, मधे ओली, आणि त्यात चिपाडाची एक अणकुचीदार काडी रुतलेली. ती आत आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मुग्धाने दाखवली तेव्हा दुसऱ्याच कुणाचा पाय पाहावा तसं त्यांनी पाहिलं.

असा पाय पुढे कुठे जातो ते मी आमच्या गावात पाहिलंय. आधी बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्याखाली रिकामी विजार.

"आजच्या आज दवाखान्यात चला," मुग्धा म्हणाली. सल्ला द्यायचा नाही हा नियम तिनेच मोडला.

"हंगाम उठू द्या, जातो."

"तोवर पाय राहायचा नाही, तात्या. गोदाबाईंना तरी सांगा."

"तिला न्हाय." एवढं मात्र ते ठासून बोलले. "ती सगळ्या मुलखाला सांगती, आमच्या ह्यांस्नी आच लागत न्हाय. तिला काय सांगू? मी गुनी न्हाय गं, आजारी हाय? आन् गुळव्याची बोटं गेली म्हनल्यावर काहिलीपाशी कोन हुबा करंल मला?" मग मुग्धाकडे बघून, "पोरी, तुमी बोल्ला हुता. तुमच्यापाशीच ऱ्हाईल."

"हो," मुग्धा म्हणाली. "बोलले होते."

निघताना गोदाबाईने काकवीची बाटली हातात दिली. "काय बोल्ले वो आमचं हे येवडा येळ? माज्यापाशी नुस्तं हूं नि हां." मला कुणी सरळ प्रश्न विचारला आणि जन्मात पहिल्यांदा मी उत्तराऐवजी विचारलं, "तुमच्याकडे पाणी कालव्याचं का विहिरीचं?" ती माझ्याकडे बघतच राहिली.

धरणाच्या पाण्याकाठी

परतीला आबा मुलाच्या जीपने आम्हाला न्यायला आले होते. तिचा चेहरा पाहून आबांनी जीप धरणाच्या फुगवट्याकडे वळवायला लावली. "पाखरं बगा. पाखरं बगितल्यावर मानसाला सुचतं."

ऊन उतरलं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते समजत नव्हतं, आणि त्या मधल्या रेषेवर रोहित पक्षी उभे होते. गुलाबी, एका पायावर, शेकडो. अर्धी बुडालेली बाभळीची झाडं. कुठे एक नावाडी वल्हं न मारता नुसता बसलेला. आबा म्हणाले, या पाण्याखाली गावं हायत, देवळं हायत. ते ऐकल्यावर मला पाण्याखालच्या ओसऱ्या दिसायला लागल्या, त्यांवर बसून कोणी दळतंय, कोणी गप्पा मारतंय. काठावरच्या टपरीत चिलापी तळून मिळाली. समुद्राच्या मासळीवर वाढलेल्या जिभेला ती जरा अळणी लागली, पण मसाला असा झणझणीत की तक्रारीला तोंड राहिलं नाही.

मुग्धा लांब जाऊन तिच्या शिकवणाऱ्या बाईंना फोन करत होती. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

"बाई म्हणाल्या, जिवावरचं असेल तर शब्द मोडता येतो. पण आधी ज्याचा शब्द आहे त्याच्याकडेच परत जा. त्यांना स्वतःला सांगू दे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी गोदाबाईंना सांगणार." ती पाण्याकडे बघत होती. "मग या भागात मला पुन्हा कुणी काही सांगायचं नाही. आणि त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडणारी मीच असेन. पण पाय जाण्यापेक्षा ते बरं, नाही का गं?"

मी म्हटलं, "उद्या आधी मला बोलू दे. तू नुसती बस."

पुन्हा कळंब

सकाळी त्याच जीपने आलो तेव्हा तात्या काहील घासत होते. मी चपला सोडल्या, जमीन अजून थंड होती. त्यांच्याजवळ जाऊन बसले. पायाला त्यांनी फडकं गुंडाळलं होतं, त्यावर हळद.

मला उपदेश येत नाही. जे माझं होतं ते सांगितलं. "तात्या, मला गोधड्यांचा नाद. आमच्या आळीत माझ्या टाक्याची गोधडी ओळखतात. मग डोळ्यांत मोतीबिंदू आला, सुईत दोरा ओवता येईना. आता सून ओवून देते."

त्यांनी घासणं थांबवलं नाही.

"दोरा ती ओवते," मी म्हटलं, "पण गोधडी कुणाची विचारलंत तर लोक अजून माझंच नाव सांगतात."

"ते शिवनकाम झालं, मावशी," ते म्हणाले. "हितं पाक उकळतोय." आणि उठून रस सोडायला गेले.

मी मुग्धाकडे येऊन मान हलवली. ती गोदाबाईकडे निघालीच होती. मीच तिला धरलं, म्हटलं, एवढं आधण होऊ दे, मग जा. उकळत्या काहिलीपाशी कुणाला असलं सांगू नये. मग आम्ही दोघी वाफेच्या कडेला उभ्या राहिलो. रस फुगत गेला, मळी काढली गेली, रंग चढत गेला मधासारखा, मग तांब्यासारखा. मालक आला, त्याच्याबरोबर आणखी दोघेतिघे बघे आले. गोदाबाई फडकी झटकत होती. तात्यांनी बोटं पाण्यात बुडवली. हात काहिलीवर नेला आणि तो तिथेच थांबला. वाफेत तो हात एकटाच तरंगत असल्यासारखा दिसत होता.

"अगं ए," त्यांनी हाक मारली. "हिकडं ये. हात धू."

गोदाबाईला कळेना. "मी?"

"तूच. बोटं पान्यात घाल. गार हूं दे. आता पाक उचल आन् गोळी वळ."

"आवो, काय येड लागलं? बाईमानसानं कवा गोळी बगितली व्हय? आन् मला भाजंल की!"

"भाजू दे," तात्या म्हणाले. "तुला भाजतंय, तेच पायजे. मला भाजत न्हाय गं. गुन न्हाय त्यो. बोटं मेल्यात माजी. पायबी."

चिपाडं कोंबणाऱ्याचा हात थांबला. मालक पुढे आला आणि तसाच उभा राहिला. बघ्यांपैकी एकाने मोबाईल खाली घेतला.

गोदाबाई नवऱ्याकडे बघत होती. पाक तर थांबत नव्हता. "बाये, आदी गोळी," तात्या ओरडले, "आदन जाईल!" तशी तिने बोटं पाण्यात घातली, काहिलीत घातली आणि अशी किंचाळली की झाडावरचे कावळे उडाले. हात पाण्यात खुपसला, तरी पाक सोडला नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडाने "आई गं, आई गं," आणि बोटं गोळी वळतायत.

"कशी लागती?"

"कशी म्हंजे? गरम!"

"ते ऱ्हाऊं दे. दाब. कशावानी हाय?"

ती डोळे मिटून म्हणाली, "कानाच्या पाळीवानी."

"अजून थांब." बुडबुड्यांकडे नजर, वासासाठी मान जरा वर. "आता पुन्यांदा घे."

ती पुन्हा किंचाळली. "आता... आता नाकाच्या शेंड्यावानी!"

"उतरवा!" तात्या गरजले, आणि सगळे धावले. साखळ्या खणखणल्या, काहील उचलली गेली, आणि सोन्यासारखा पाक गार व्हायच्या फरसबंद वाफ्यात पसरत गेला. मालकाने त्यातला थेंब फरशीवर टाकून पाहिला. "बसनार ढेप," तो म्हणाला. मग तात्यांकडे न बघताच, "ऊस कवळा नव्हता म्हना की तवा." आणि गडबडीने जीपवाल्याला हाक मारायला गेला.

गोदाबाईचं गुळाकडे लक्ष नव्हतं. तिने तात्यांना ओढत नेऊन पोत्यावर बसवलं, फडकं सोडलं. जखम पाहिली. मला वाटलं आता ही रडणार नाहीतर शिव्या देणार. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. भाजलेली बोटं पदरात गुंडाळली आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या पायाच्या अंगठ्याला धरलं.

"हितं कळतंय?"

"न्हाय."

हात पावलावर आला. "हितं?"

"न्हाय गं."

घोट्यावर. तात्यांनी नुसती मान हलवली. मुग्धा माझ्या शेजारी उभी होती, आणि कधी धरला देव जाणे, माझा हात तिने घट्ट धरला होता. जीप वळून येत होती. गोदाबाईचा हात हळूहळू वर सरकत होता, आंधळ्याने भिंत चाचपत दार शोधावं तसा.

"हितं?"

तात्या थांबले.

"हां," ते म्हणाले. "हितं तू हायस."

जीप येऊन उभी राहिली तरी तिने तिथला हात काढला नाही. तसंच धरून तिने त्यांना गाडीत चढवलं.